घरच्यांच्या हातात पहिला स्मार्टफोन : त्यात कोणती अ‍ॅप्स घालून द्यावीत?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

दिवाळीला पुण्याहून गावी जाताना आई-बाबांसाठी दोन स्मार्टफोन घेऊन जाणार आहे. आजवर दोघांत मिळून एकच बटणांचा फोन होता. गाव कराडपासून जवळ. घरात रेंज बरी येते, शेतात मधूनच जाते. बाबा ७२ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त, ईपीएस-९५ची (पीएफ कार्यालयाकडून मिळणारी) पेन्शन आणि थोडी शेती. आई ६७ची. शाळा सातवीपर्यंत, पण वाचनाची आवड दांडगी, पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते. इंग्रजी मात्र येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे बारीक अक्षरांचा त्रास होतो.

आईच्या अपेक्षा साध्या आहेत. नातवंडांना बघत बोलता यावं, हरिपाठ आणि भजनं ऐकता यावीत, माहेरच्या बहिणींशी गप्पा व्हाव्यात. बाबांच्या डोक्यात सातबारा, हयातीचा दाखला, एसटीचं आरक्षण असं बरंच काही आहे.

ज्येष्ठांसाठीच्या अ‍ॅप्सच्या याद्या नेटवर पुष्कळ मिळतात. त्या वाचून वाटतं की लिहिणाऱ्यांनी घरातल्या कुणा वयस्कर माणसाच्या हातात ती अ‍ॅप्स देऊन पाहिलेलीच नाहीत. म्हणून इथे विचारतेय. तुमच्या घरी खरोखर वापरात टिकली ती अ‍ॅप्स सांगा. टाकून नंतर काढावी लागली तीही सांगा.

खटपट्या

ताई, अ‍ॅप्सकडे वळण्याआधी फोन नीट लावून घ्या. निम्मी अडचण तिथेच असते आणि आपल्याला ती दिसत नाही, कारण आपले डोळे आणि बोटं सरावलेली असतात.

फोनची भाषा मराठी करा. आणि पहिले एक-दोन महिने तुमच्या स्वतःच्या फोनचीही करा. तुम्ही पुण्याहून सांगणार ‘अलाऊ दाब’ आणि आईसमोर लिहिलेलं असणार ‘अनुमती द्या’. दोन्हीकडे एकच शब्द दिसत असले की फोनवरून समजावणं फार सोपं जातं.

अक्षरांचा आकार वाढवा, पण शेवटच्या टोकापर्यंत नेऊ नका. फार मोठा केला की काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये खालचं ‘पुढे’चं बटण पडद्याबाहेर जातं आणि माणूस तिथेच अडकून बसतो. एक-दोन पायऱ्या कमी ठेवा आणि ‘डिस्प्लेचा आकार’ वेगळा वाढवून बघा.

स्क्रीन बंद व्हायची वेळ बहुतेक फोनमध्ये तीस सेकंद असते. नवीन माणूस वाचतो सावकाश. दोन ओळी वाचून होईपर्यंत पडदा काळा होतो, परत उघडावं तर लॉक. ती वेळ सरळ दोन मिनिटं किंवा जास्त करा. एवढ्या एका बदलाने चिडचिड निम्मी होते.

हल्लीचे फोन बोट सरकवून मागे जाण्याच्या सेटिंगवर येतात. ते बदलून खाली तीन बटणं आणा. ‘काहीही बिघडलं असं वाटलं तर मधलं गोल बटण दाब’, एवढं लक्षात राहिलं की भीती जाते.

शेतात काम केलेल्या हातांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. फिंगरप्रिंट दहा वेळा नाकारला जातो. अंगठ्याची नोंद दोनदा करून बघा, तरी जमत नसेल तर पॅटर्न लावा. चार आकडी पिनपेक्षा पॅटर्न हाताच्या लक्षात राहतो.

शेवटचं, पण टाळू नका : लॉक स्क्रीनवर रोज बदलणारे जाहिरातींचे फोटो आणि बातम्या बंद करा. ब्राउझरची नोटिफिकेशन्स बंद करा. कंपनीने आधीच टाकलेले गेम आणि स्वतःची दुकानं काढून टाका. समोर जितकं कमी, तितकं चांगलं.

अनघा_नाशिक

खटपट्या, तीस सेकंदांच्या मुद्द्याला मनापासून अनुमोदन. आजच सासूबाईंचा फोन बदलते.

माझी भर : होम स्क्रीनवर माणसांचे फोटो लावून द्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या माणसाचं चॅट उघडून वरचे तीन ठिपके, मग ‘आणखी’, मग ‘शॉर्टकट जोडा’. मुलीचा चेहरा थेट पहिल्या पानावर येतो. त्यावर बोट ठेवलं की तिचंच चॅट उघडतं. नावांच्या यादीतून शोधावं लागत नाही.

आणि टायपिंग शिकवायच्या भानगडीत आधी पडू नका. जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी भाषा जोडा आणि माइक दाखवा. मराठी बोललेलं छान उमटतं. फक्त एक गोंधळ सगळ्यांचा होतो, तो आधीच सोडवा. व्हॉट्सअ‍ॅपवर माइक दोन दिसतात. उजवीकडे खाली हिरवा गोल माइक असतो, तो दाबून धरला की आपला आवाज जातो. कीबोर्डच्या पट्टीत बारका माइक असतो, त्यावर एकदा बोट लावून बोललं की अक्षरं उमटतात. सासूबाईंना मी सांगितलं होतं, ‘हिरव्यातून तुमचा आवाज जातो, बारक्यातून चिठ्ठी.’ तेव्हापासून घोळ नाही. हिरवा माइक धरून वर सरकवला की कुलूप लागतं, मग बोट धरून ठेवायची गरज नाही. हात थरथरणाऱ्यांना हे फार उपयोगी.

ज्यांना लिहायला आवडतं त्यांच्यासाठी जीबोर्डमध्ये हस्तलेखनाचाही पर्याय आहे. पडद्यावर बोटाने गिरवायचं. तुमच्या आईंना आवडेल असं वाटतंय.

सुमनमावशी

मी ७४ वर्षांची. डोंबिवलीला राहते. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते (बोलून लिहिते आहे, बारक्या माइकवर).

मुलांनो, अ‍ॅप कुठलंही टाका, पण शिकवताना आमच्या हातातून फोन काढून घेऊ नका. तुमची बोटं इतकी भराभर चालतात की काय झालं ते कळतच नाही. ‘हे बघ, झालं!’ म्हणता आणि फोन परत देता. आम्ही होतो तिथेच राहतो. तुमचं बोट आमच्या पडद्याला लागता कामा नये, असा नियमच करा. वेळ लागेल. लागू द्या.

दुसरं, एकदा शिकवलं की लगेच दुसरं नको. मला भाचीने शिकवलं. पहिला आठवडा नुसता फोन उचलणं, लावणं आणि ठेवणं. पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल. मग फोटो. तिने एका वहीत मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून दिल्या आणि शेजारी बटणांची चित्रं काढली. ती वही अजून टीव्हीच्या कपाटात आहे. रात्री अकराला अडलं तर मी कुणाला उठवत नाही.

आणि ‘सांगितलं होतं ना मागच्या वेळी’ हे वाक्य म्हणू नका. त्यानंतर माणूस विचारायचंच सोडतो. न विचारता काहीतरी दाबतो. घोटाळे तिथूनच होतात.

कृष्णाकाठची

मावशी, तुमची पोस्ट आमच्या घरच्या ग्रुपवर जशीच्या तशी पाठवली आहे. भावासाठी खास.

अनघा, हस्तलेखनाचं माहीतच नव्हतं. आईचं अक्षर सुरेख आहे, तिला नक्की दाखवते.

शिवारातला

बाबांसाठी सांगतो. मी तासगाव भागातला, शेती करतो.

पहिलं अ‍ॅप ‘दामिनी’. पुण्याच्या आयआयटीएमने बनवलंय, म्हणजे पाषाणची हवामान संशोधनाची सरकारी संस्था. तुम्ही जिथे उभे आहात त्याच्या आसपास वीज पडतेय का ते दाखवतं, इशारा देतं. फुकट. वळवाच्या पावसात, एप्रिल-मे-जूनच्या दुपारी शेतात असलेल्या माणसाच्या खिशात ते असायलाच हवं. लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी देऊन ठेवा, नाहीतर इशारा वेळेवर येत नाही. आणि झाडाखाली थांबायचं नाही हे तोंडी सांगा, ते अ‍ॅपवर सोडू नका.

दुसरं ‘मेघदूत’. हवामान खातं, आयआयटीएम आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांचं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा पीक सल्ला येतो. फवारणी आज करू की परवा, हे ठरवायला बरं पडतं.

तिसरं ‘ई-पीक पाहणी’. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालं. आपल्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपणच करायची, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून. ही नोंद राहिली की पीक विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे अडतं. मुदत ठरलेली असते आणि शेवटच्या आठवड्यात सर्व्हर रडतो. त्यामुळे बाबांना सांगा, नोंदणीची मुदत सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात उरकायचं, सकाळी लवकर. रेंज नसेल तर आधी घरी अ‍ॅप उघडून गट, खाते क्रमांक भरून घ्यायचा आणि मग रानात जायचं. चुकीचं पीक टाकलं गेलं तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येतं. पहिल्या वेळी तुम्ही सोबत असलात तर चांगलं. आमच्या वाडीत एक काका एकदा शिकले आणि आता आजूबाजूच्या पाच-सहा घरांची नोंद त्यांच्याच फोनवरून होते.

सातबाऱ्यासाठी अ‍ॅप शोधू नका. प्ले स्टोअरवर त्या नावाची खासगी अ‍ॅप्स ढीगभर आहेत, जाहिरातींनी भरलेली. महाभूमीची सरकारी वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडायची आणि ‘होम स्क्रीनवर जोडा’ करून ठेवायची. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तोच कामाला चालतो.

रोखठोक

बाकी सगळं ठीक, पण माझं स्पष्ट मत : आई-वडिलांच्या फोनमध्ये यूपीआय टाकूच नये. रोज पेपरात वाचतोय कुणाचे किती गेले. आयुष्यभराची पुंजी एका बोटाच्या अंतरावर कशाला ठेवायची? वीजबिल, मोबाइल रिचार्ज मुलांनी भरावं. मी तसंच करतो.

सुमनमावशी

रोखठोक, तुमची काळजी कळते. पण मी भाजी घेतली की भाजीवाला विचारतो, ‘आजी, सुट्टे आहेत का, की स्कॅन करता?’ रिक्षावाला तेच विचारतो. सुट्ट्यांपायी मी दोनदा भाजी परत ठेवून घरी आलेली आहे. आणि स्वतःच्या पेन्शनमधून नातीला वाढदिवसाचे पाचशे रुपये पाठवायला मी मुलाला फोन करायचा? तो लगेच पाठवील, प्रश्न तो नाही. पैसे माझे आहेत, ते खर्च करताना मला कुणाला सांगावं लागू नये.

बँकेतली

रोज काउंटरवर दोन्ही बाजू बघते. मावशी बरोबर आहेत आणि रोखठोक यांची भीतीही खोटी नाही. मधला रस्ता आहे, तो लिहिते.

एक : यूपीआयसाठी वेगळं बचत खातं ठेवा. पेन्शन, मुदत ठेवी असलेलं मोठं खातं यूपीआयला जोडूच नका. छोट्या खात्यात महिन्याला तीन-चार हजार टाकायचे. काही बरंवाईट झालं तरी नुकसान तेवढंच. हा एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्या.

दोन : यूपीआय लाइट. त्यात जास्तीत जास्त पाच हजार रुपये ठेवता येतात आणि एका वेळी हजारपर्यंत पिन न टाकता देता येतात. भाजी, दूध, रिक्षा यासाठी उत्तम. पिन सारखा सारखा चारचौघांत टाकावा लागत नाही, हा मोठा फायदा. फोन मात्र लॉक असलाच पाहिजे.

तीन : यूपीआय सर्कल. ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. खातं मुलीचं, पैसे देणारी आई. मुलगी आईला जोडून घेते आणि मर्यादा ठरवते, महिन्याला कमाल पंधरा हजार, एका व्यवहाराला कमाल पाच हजार. किंवा असंही ठेवता येतं की आईने स्कॅन केलं की मंजुरी मुलीच्या फोनवर मागितली जाते. आईच्या बँक खात्याचा संबंधच येत नाही. ज्यांच्या नावावर खातं नाही किंवा पिनची धास्ती आहे त्यांच्यासाठी फार चांगली सोय आहे. मावशींचा स्वतःच्या पैशाचा मुद्दा त्यात सुटत नाही, हे खरं. त्यांना पहिला पर्याय.

अ‍ॅप कुठलं? भीम घ्या. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचं स्वतःचं आहे, मराठीत आहे, आणि कर्ज, सोनं, कूपन यांचा बाजार इतरांपेक्षा कमी. डेबिट कार्ड नसेल तर बऱ्याच बँकांमध्ये आधारच्या ओटीपीवर यूपीआय पिन तयार करता येतो.

आणि एक वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहा : पैसे घेताना पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. काउंटरवर रडत येणाऱ्यांपैकी कितीतरी जण ‘पैसे यायचे होते म्हणून पिन टाकला’ असंच सांगतात.

रोखठोक

वेगळ्या खात्याची कल्पना पटली. वडिलांशी बोलून बघतो.

माळावरची

फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर कळकळीने लिहिते. माझ्या मावसकाकांना व्हिडिओ कॉल आला होता. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलिस ठाण्यासारखं दृश्य. ‘तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही.’ काका दिवसभर खोली बंद करून बसले होते. काकूंनी जेवायला हाका मारल्या तरी उघडेनात. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं म्हणून पैसे जायच्या आत थांबलं. माणूस सुशिक्षित, हिशोबाला चोख. भीतीपुढे काही चाललं नाही.

डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाहीच. ते नुसतं सांगून भागत नाही, घरात सराव करा. मी आई-बाबांना खोटा फोन करून दाखवला, ‘मी बँकेतून बोलतोय’ असा भावाच्या आवाजात. आता आई ‘मुलीला विचारून सांगते’ म्हणते आणि फोन ठेवते. एवढं एक वाक्य तोंडात बसवलं तरी पुरे.

आणि हे सेटिंग्ज आत्ताच करा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयतेत ‘ग्रुप’ समोर ‘माझे संपर्क’, म्हणजे कुणीही उचलून शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये टाकत नाही. त्याच ठिकाणी ‘अनोळखी कॉल शांत करा’ सुरू. खात्यामध्ये दोन टप्प्यांची पडताळणी, सहा आकडी पिन, तो वहीत. मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद.

अ‍ॅप टाकायचं ते फक्त प्ले स्टोअरवरून. सध्या लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये बसणारं अ‍ॅप) येते. उघडली की मेसेज वाचणारं अ‍ॅप फोनमध्ये बसतं आणि ओटीपी परस्पर जातात. सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप्स इन्स्टॉल करा’ असं शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल्स सगळ्यांसमोर ते बंद करा. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते.

‘बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज तर महाराष्ट्रात घरोघरी पोचलाय. महावितरण कधीच दहा आकडी खासगी नंबरवरून असा मेसेज पाठवत नाही. महावितरणचं स्वतःचं अ‍ॅप घालून द्या. बिल, मीटरचं रीडिंग, तक्रार, सगळं त्यातच दिसतं, मग घाबरायचं कारण उरत नाही.

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर ‘पोलिस सायबर’ नावाने सेव्ह करून ठेवा. पैसे गेले तर त्याच क्षणी फोन. जितका लवकर, तितकी पैसे मध्येच अडवले जायची शक्यता जास्त.

खटपट्या

माळावरची, फार मोलाची पोस्ट. त्याला जोडून ‘संचार साथी’. दूरसंचार विभागाचं अ‍ॅप. संशयास्पद कॉल-मेसेजची तक्रार करता येते, हरवलेला फोन ब्लॉक करता येतो आणि आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळतं. हे शेवटचं तुमच्या आई-बाबांचं जरूर तपासा. गावाकडे सिम घेताना आधारच्या झेरॉक्स कुठे कुठे दिलेल्या असतात, आठवतही नाही.

फोन-स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी अ‍ॅप्स, एनीडेस्क वगैरे, त्यांच्या फोनमध्ये ठेवू नका. तुम्हाला मदत करायची तर व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्येच स्क्रीन शेअर करता येते. पण नियम पक्का : ती फक्त मुलांनाच दाखवायची, आणि त्या वेळी बँकेचं अ‍ॅप उघडायचं नाही.

फ्रीमाँटहून

कॅलिफोर्नियातून. बाबा ८१, सोलापूरला एकटे असतात आणि ऐकू खूप कमी येतं. फोनवर बोलणं जवळजवळ थांबलं होतं. यंत्र लावायला त्यांना आवडत नाही.

गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ अ‍ॅप आहे, फुकट. समोरचा माणूस मराठीत बोलतो आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटत जातं. भाषा मराठी निवडून ठेवली. आता कामाच्या बाई, डॉक्टर, शेजारचे काका, सगळे त्या फोनसमोर बोलतात आणि बाबा वाचून उत्तर देतात. माझा व्हिडिओ कॉल टॅबलेटवर चालू असतो, शेजारी फोन ठेवलेला असतो, त्यात माझं बोलणं उमटतं. सोलापुरी बोलीतले काही शब्द चुकतात, पण मतलब कळतो. मागच्या आठवड्यात त्यांनी मला उलट प्रश्न विचारले, पूर्वीसारखे, एकामागून एक. ज्यांच्या घरी ऐकू कमी येणारं कुणी आहे त्यांनी बाकी काही नाही तरी हे टाकून बघा.

दुसरं, गोळ्यांची आठवण. वेगळं अ‍ॅप नको. फोनच्या घड्याळात गजर लावताना आपली ऑडिओ फाइल लावता येते. माझ्या मुलीने रेकॉर्ड केलंय, ‘आजोबा, बीपीची गोळी, पांढरी.’ गजराचा आवाज पूर्ण मोठा आणि सोबत व्हायब्रेशन. ती गोळी आता चुकत नाही.

अनघा_नाशिक

फ्रीमाँटहून, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. आत्ताच आत्याला कळवते.

हयात_आहे

मी स्वतः ईपीएस-९५चा पेन्शनर. कृष्णाकाठची, तुमच्या बाबांच्या हयातीच्या दाखल्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर.

दोन अ‍ॅप्स लागतात. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’. दुसरं टाकल्यावर ते मेनूत दिसत नाही, बिघडलंय समजू नका, ते मागे बसून काम करतं. आधी ‘ऑपरेटर’ म्हणून नोंद करावी लागते. ऑपरेटर म्हणजे कुणी सरकारी माणूस नाही, तुम्ही स्वतःच्या आधारवर होऊ शकता. तुमचा चेहरा एकदा, मग पेन्शनरचा. पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा), बँक खातं आणि आधार जवळ ठेवा.

चेहरा टिपताना बहुतेकांचं अडतं. खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठ करून नाही. चष्मा काढा, टोपी काढा, मागे साधी भिंत. आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, ती सावकाश. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचं बुबुळ यंत्रावर कधी कधी जुळत नाही, म्हणून चेहऱ्याचा पर्याय आल्यापासून फार सोय झाली.

ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचीच सक्ती नाही. वर्षात कधीही द्या, तिथून वर्षभर चालतो. तुम्ही दिवाळीत घरी आहातच, तेव्हाच करून टाका म्हणजे दरवर्षी दिवाळी हीच खूण राहील. राज्य सरकारी, जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांनी अ‍ॅपमध्ये आपलं कार्यालय यादीत आहे का ते आधी बघावं. आणि कुणाला हे काहीच जमत नसेल तर पोस्टमन थोड्या शुल्कात घरी येऊन दाखला करून देतो.

एसटीचं म्हणाल तर बाबांना आत्ता अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाली की मोफत. आईंना महिला म्हणून अर्धं आहेच. आरक्षण एसटीच्या अ‍ॅपवरून होतं, सवलतीचा प्रकार नीट निवडा आणि प्रवासात मूळ आधार जवळ ठेवा. आधारसारखी कागदपत्रं फोनमध्ये ठेवणारं सरकारी डिजिलॉकरही घालून द्या, पण कंडक्टरपुढे फोन उघडत बसण्यापेक्षा कार्ड दाखवणं सोपं. रेल्वेसाठी १ जुलै २०२५ ला आलेलं ‘रेलवन’ आहे, साधं तिकीटही त्यात निघतं.

वाचणारी_आजी

आईंसाठी : यूट्यूबवर हरिपाठ लावला की मध्येच जाहिरात किंचाळते आणि संपला की भलतंच काहीतरी सुरू होतं. त्यामुळे ऑटोप्ले बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे घरात जुन्या सीडी असतील तर त्या एमपीथ्री करून फोनमध्येच भरा आणि व्हीएलसी या गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपवर लावा. नेट नको, जाहिरात नको, पहाटे रेंज असो नसो.

‘न्यूजऑनएअर’वर आकाशवाणीची मराठी केंद्रं ऐकायला मिळतात. माझी सकाळ त्यावरच सुरू होते. पुस्तकांची आवड असेल आणि डोळे थकत असतील तर स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकता येतात, पैसे पडतात पण निवड मोठी आहे. बारीक छापलेलं काही वाचायचं असलं, गोळीच्या पाकिटावरची तारीख वगैरे, तर फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करायचा. मला भिंगाची गरज उरली नाही.

काढून टाकलेल्या अ‍ॅप्समध्ये : फोन ‘साफ’ करणारी सगळी, टॉर्चची (फोनमध्येच असते), आणि रोजचं भविष्य सांगणारी. शेवटची तर रोज पैसे मागायची.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. धागा वाचनखुणेत आहेच, शिवाय छापून घेतलाय.

ठरवलंय असं. आईच्या फोनमध्ये पहिल्या पानावर चार चेहरे, व्हॉट्सअ‍ॅप, हरिपाठाचा फोल्डर आणि न्यूजऑनएअर. बस. बाबांच्या फोनमध्ये दामिनी, ई-पीक पाहणी, महाभूमी, महावितरण, संचार साथी. जीवन प्रमाण माझ्या फोनमध्ये ठेवते, वर्षातून एकदाच लागतं. भीम मार्चमध्ये, तोपर्यंत फोन हाताळायची सवय होईल. वही आजच आणली.

एक प्रश्न राहिलाय. जुना बटणांच्या फोनचा नंबर दोघांच्याही आधारला आणि दोघांच्याही बँक खात्याला जोडलेला आहे. आता फोन दोन आणि तो नंबर एक. तो कुणाच्या फोनमध्ये घालू?

बँकेतली

बाबांच्या. त्यांची पेन्शन, ई-पीक, सातबारा सगळं त्याच नंबरवर चाललंय, ते हलवू नका.

आईंना नवं सिम घ्या, त्यांच्याच नावावर. मग त्यांना घेऊन दोन ठिकाणी जायचं. आधी बँकेत, त्यांच्या खात्याचा नंबर बदलण्याचा अर्ज, पासबुक आणि आधार घेऊन. यूपीआय सुरू होताना खात्याला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, म्हणून हे व्हायलाच हवं. मग आधार केंद्रात, किंवा आधारचं काम होणाऱ्या पोस्टात, बोटांचे ठसे देऊन नवा नंबर जोडून घ्यायचा. ठसे उमटायला त्रास होत असेल तर आदल्या रात्री हाताला खोबरेल लावून ठेवा, सकाळी साबणाने धुऊन कोरडे करून न्या.

दिवाळीच्या आठवड्यात दोन्हीकडे सुट्ट्या असतात. वसुबारसेच्या आधी दोन कामाचे दिवस हातात राहतील असं निघा.

कृष्णाकाठची

निघण्याची तारीख बदलली. सोमवारी सकाळी बँक, मंगळवारी पोस्ट.